राजम्याचं बाजूचं मूळ वर का वळलं??

मातीतलीबाई: लेकीच्या सायन्स प्रोजेक्टसाठी बरणीत ओला टिपकागद लावून कागद आणि काच यांच्या मधे राजमा रुजवलाय. सोटमूळ मस्त सरळ खाली गेलं, आठवड्याभरात बाजूची मुळं फुटली ती जवळजवळ आडवी. मग बरणी आडवी करून ठेवली तर सोटमूळ दुसऱ्या दिवशी खाली वळलं, ते कळलं, पण बाजूची जी मुळं आता सरळ खाली बघत होती ती चक्क थोडी वर उचलली! मुळं खाली जातात असंच शिकलोय ना आपण? लेक विचारतेय आणि मी गप्प.

हिरवापेन: छान पकडलंत, वर वळलेलं मूळच तर खरी गंमत आहे. मुळाच्या टोकात स्टार्चचे जड कण असतात, ते खालच्या बाजूला बसतात, त्यावरून झाडाला खाली कुठे ते कळतं आणि ऑक्झिन नावाचं हार्मोन त्या बाजूला जास्त जमतं. मुळामध्ये जास्त ऑक्झिन म्हणजे वाढीला ब्रेक, म्हणून खालची बाजू कमी लांबते, वरची जास्त, आणि मूळ खाली वाकतं. डार्विन आणि त्याच्या मुलानं 1880 मध्येच दाखवलं होतं की टोक कापलं तर मूळ वळतच नाही, हार्मोन वगैरे शब्दही नव्हते तेव्हा.

आता बाजूची मुळं. त्यांनाही खाली कुठे ते नीट कळतं पण कोणीतरी मागून शर्ट धरून ठेवल्यासारखं होतं. 2019 मध्ये अरेबिडॉप्सिस या छोट्या रोपावर दाखवलं गेलं की नुकत्याच फुटलेल्या बाजूच्या मुळात सायटोकायनिन नावाचं दुसरं हार्मोन वरच्या बाजूला काम करतं आणि तिथलं पेशींचं विभाजन कमी करतं, म्हणजे खाली ऑक्झिनचा ब्रेक तर वर सायटोकायनिनचा, मग मूळ पूर्ण वाकत नाही. प्रत्येक मुळाचा ठरलेला एक कोन असतो, तुम्ही बरणी फिरवून तो बिघडवलात की ते परत त्या कोनावर यायला बघतं, मग त्यासाठी वर वळायला लागलं तरी चालेल.

नर्सरीवाला_दादा: सोपं आहे हो, ऑक्झिन म्हणजे आमची रूटिंग पावडर, आयबीए. द्राक्षाच्या डॉगरिज खुंटाच्या काड्या लावताना, डाळिंबाची गुटी बांधताना हीच लावतो. बरणीत चिमूटभर टाका मुळंच मुळं येतील.

हिरवापेन: दादा बरणीत नका टाकायला सांगू 😅 वरच लिहिलंय, जास्त झालं तर मुळाची लांबीच थांबते. आणि काडीला फुटतं ते खोडातून आलेलं मूळ, हे मुळातून फुटलेलं, जात वेगळी. ऑक्झिन दोन्हीकडे लागतं हे मात्र तुमचं बरोबर.

नर्सरीवाला_दादा: मान्य. पण मग एक सांगा, मिरचीचा शेंडा खुडला की फुटवे येतात कारण शेंड्यातलं ऑक्झिन गेलं असं आम्हाला शिबिरात सांगितलेलं. वर ऑक्झिन फांद्या अडवतं आणि खाली तेच मुळांना फांद्या फोडतं? हे कसं काय?

हिरवापेन: हो, अगदी उलटंच आहे, आणि परीक्षेत मुलं इथेच गोंधळतात. मुळामध्ये ऑक्झिन आतल्या परिरंभ (पेरिसायकल) नावाच्या थरातल्या काही पेशींना जागं करतं, त्या विभागून नवीन मुळाचा कोंब करतात. फांदीचा डोळा वरच्या सालीजवळ असतो, हे मूळ पार आतून येतं, बाहेरचे सगळे थर फोडून. तिथेही ऑक्झिनच वाटेतल्या पेशींच्या भिंती सैल करतं. सायटोकायनिन इथे विरोधी पार्टी, ते जास्त असलं की नवीन मुळं सुरूच होत नाहीत.

मातीतलीबाई, अजून एक बघा. मुळाच्या ज्या अंगाला पाणी लागतं त्याच अंगाला बाजूची मुळं जास्त फुटतात, हे मक्यावर आणि अरेबिडॉप्सिसवर दिसलंय, त्यातही ऑक्झिन आहेच. कागदाच्या बाजूला किती आणि काचेच्या बाजूला किती, मोजा.

मातीतलीबाई: आत्ताच भिंग घेऊन मोजलं, कागदाकडे 9, काचेकडे 2! अर्थात एकच रोप आहे, आणि काच पण आतून ओलसर असतेच. लेकीनं आता चार बरण्या मागितल्यात, लोणच्याची पण रिकामी करायला सांगतेय.

नर्सरीवाला_दादा: लोणच्याची नको, मिठानं मुळं जळतील. आधी धुवा चांगली.