नाग नदीकाठचं घर पाडून फ्लॅट स्कीम उभी करावी का?

ओसरीवाला
आईबाबांचं घर नागपुरात डागा ले-आउटमध्ये, नाग नदीपासून तिसरं. बिल्डर दारात येऊन बसला आहे. घर पाडा, खाली पार्किंग, वर चार मजले, त्यातले दोन फ्लॅट तुमचे. पुण्याचा भाऊ म्हणतो, सही करून टाक. मी नाही म्हणतो. घरात सध्या माझ्याशी कोणी धड बोलून नाही राहिलं, म्हणून इथे लिहितो.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवत असेल. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला आणि वरचा अंबाझरी तलाव नदीत ओसंडला. आमच्या बैठकीत पाणी स्विचबोर्डाच्या चार बोटं वर चढलं. ती रेघ अजून भिंतीवर आहे, आई रंगाऱ्याला हात लावू देत नाही. सरकारी मदत दहा हजारांची आली, त्यात सोफ्याचे पैसेसुद्धा निघाले नाहीत.

पाण्याला पसरायला जागा हवी असते, ती आम्ही सगळ्यांनी मिळून थोडी थोडी खाल्ली. आधी सिमेंटचा रस्ता झाला, आमच्या फाटकापेक्षा फूटभर उंच. मग समोरच्यांनी प्लिंथ, म्हणजे घराचं जोतं, उचललं, शेजाऱ्यांनी त्यांच्यापेक्षा वर नेलं. जुनं घर ज्याचं, त्याच्या अंगणाचं टाकं झालं. आता आम्हीही उचलायचं, म्हणजे पाणी मागच्या काकूंकडे. नदीलगतच्या दोन रांगांत नवी स्कीम होऊच नये, बैठी घरं राहू द्यावी असं माझं मत.

बजाजनगरकर
भाऊ, भावना समजल्या, पण हिशेब उलटा लावून राहिले तुम्ही. त्या रात्री अडकलं कोण? तळमजल्यावरची म्हातारी माणसं. वरच्या मजल्यावरचे खिडकीतून पाहत होते. खाली पार्किंग असतं तर गाड्या बुडाल्या असत्या, माणसं नाही. आणि पाणी अडवतं ते तुमचं चार भिंतींचं बैठं घर. खांबांमधून तर ते निघून जातं. नदीच्या बाजूने बोलायचं तर बंगलाच पाडायला हवा!

ओसरीवाला
कागदावर बरोबर. पण आमच्याच गल्लीतल्या स्कीमचं पार्किंग पाहून या. एका कोपऱ्यात चौकीदाराची खोली, दुसऱ्यात जिन्याखाली कोठी, मग कुणाचं तरी ऑफिस, भोवती सहा फुटी कंपाउंड. खांब राहिले कुठे मोकळे? आणि विजेचे मीटर, पाण्याची मोटर, लिफ्टचा खड्डा, सगळं तिथेच. पूर आला की चौथ्या मजल्यावरचे आजोबा अंधारात, पाण्याविना, लिफ्टविना. बुडणार नाहीत, एवढंच.

पावसाची_वही
दोघंही इमारतीवर भांडून राहिले, तलावाकडे कोणी बघेना. ६ जुलै २०१८ आठवा. नागपुरात पावसाळी अधिवेशन होतं, पावसाने विधानभवनाची वीज गेली, कामकाज थांबलं. तो पाऊस २०२३ च्या दुपटीहून जास्त होता. पण जुलैच्या सुरुवातीला तलावाच्या पोटात जागा असते. सप्टेंबरअखेर तो काठोकाठ भरलेला. त्यात अंबाझरीला तेव्हा दरवाजे नव्हते, म्हणजे आधीपासून थोडं थोडं सोडायची सोयच नाही. १८७० चं धरण ते, शहराला पाणी पाजायला बांधलेलं, खाली कधी ले-आउट पडतील याचा विचार कोण करतो? तलावाची पातळी पावसाळ्यात खाली ठेवली तर निम्मं भांडण मिटतं. स्कीम करा नाहीतर नका करू.

हिवरीनगरची_लेक
वाचून गंमत वाटली. तुमच्याकडे बिल्डर येतो, आमच्याकडे नोटीस येते. नदी तीच, फक्त आम्ही खालच्या अंगाला. तुमच्या बाजूला भिंती उंच झाल्या की पाणी काठावर न पसरता आमच्याकडे जोरात येतं. कोणी मोजत नाही ते. आणि ओसरीवाले दादा, "बैठी घरं राहू द्यावी" हे तुमच्या दोन रांगांपुरतंच की आमच्या बाजूच्या नंदनवन झोपडपट्टीलाही लागू? तिथली घरंही बैठीच आहेत.

ओसरीवाला
ताई, खरं सांगतो, लिहिताना तिकडचा विचार केला नव्हता. नियम म्हणून बोललो तर दोन्हीकडे एकच हवा. पण आमच्याकडे निदान पट्टा, नकाशा, मंजुरी आहे...

हिवरीनगरची_लेक
झालं ना. पाण्याला मंजुरी दाखवा.

लाल_निळी_रेषा
नियमाचं निघालंच आहे तर. पूररेषा दोन असतात. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी यांच्यामध्ये बांधकाम निषिद्ध, निळी ते लाल नियंत्रित. तुमचा प्लॉट कुठे बसतो ते बिल्डरच्या तोंडून ऐकू नका. नकाशा मिळवा, आपल्या हद्दीच्या दगडापासून मोजून घ्या. निळीच्या आत असाल तर चर्चाच संपली. मधल्या पट्ट्यात असाल तर बजाजनगरकरांची खांबांची योजना वाईट नाही, फक्त मीटर पहिल्या मजल्यावर घ्यायला लावा आणि कंपाउंडला जाळी, भिंत नाही. करारात लिहून.

पोहे_तर्री
नदी नदी काय करून राहिले बे सगळे? खिडकी उघडून वास घ्या. उन्हाळ्यात पोकलेन उतरतं, गाळ काढतं, काठावरच ठेवतं, पहिल्या पावसात गाळ परत आत. डिसेंबर २०२२ मध्ये पंतप्रधानांनी १९०० कोटींच्या वरच्या प्रदूषणमुक्ती प्रकल्पाचं भूमिपूजन केलं. नदी स्वच्छ झाली की बघा, हाच बिल्डर 'रिव्हर व्ह्यू' म्हणून तुमचेच फ्लॅट दुप्पट भावात विकतो.

बजाजनगरकर
म्हणूनच आत्ता विकू नका म्हणतो मी, स्कीम करा. 😄

ओसरीवाला
पूररेषेचा नकाशा काढायला सोमवारी अर्ज देतो. भावाला हा धागा पाठवला. त्याने फक्त मीटरवाली ओळ वाचली आणि विचारलं, "पहिल्या मजल्यावर मीटर घ्यायचा खर्च कोण देणार?" आई म्हणते, कोणीही येवो, भिंतीवरच्या रेघेपासून वर बांधायचं. ती रेघ जमिनीपासून किती उंच आहे ते आज पहिल्यांदा टेप लावून मोजलं. चार फूट सात इंच. बिल्डरच्या नकाशात प्लिंथ तीन फूट आहे.