बॉस्टन: आईबाबांना माउंट ऑबर्न सिमेट्रीत फिरायला न्यावं का?

कोथरूडकर_सध्या_बॉस्टन: मे महिन्यात आईबाबा येतायत. ऑफिसात जो तो म्हणतो माउंट ऑबर्नला न्या, फुलं, तळी, जुनी झाडं वगैरे, पण शेवटी सिमेट्रीच ना ती, आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली एवढ्या लांब विमानाने येऊन मसणात फिरायचं का. कोणी घरच्या ज्येष्ठांना नेलंय का?

भटकभवानी: सासूबाईंना नेलं होतं. आधी नाक मुरडलं, नंतर तिथल्या वॉशिंग्टन टॉवरच्या टेकडीवरून हलायलाच तयार नाहीत, समोर अख्खं बॉस्टन दिसतं. हार्वर्ड स्क्वेअरहून ७१ किंवा ७३ नंबरची बस. डबा मात्र नेऊ नका, पिकनिक चालत नाही. आणि दफन अजूनही होतात तिथे, कुठे विधी चालू दिसला तर लांबूनच जा.

जुनापुराणा: अहो ती जागा मुळात जिवंत माणसांनी फिरावं म्हणूनच केलीय. गावातली चर्चची आवारं भरून गेलेली, रोगराईची भीती, म्हणून जेकब बिगेलो नावाच्या डॉक्टरने गावाबाहेर दफनभूमी काढायचं डोक्यात घेतलं आणि बागकामवाल्यांची मॅसॅच्युसेट्स हॉर्टिकल्चरल सोसायटी सोबत आली, त्यांना प्रयोगाची बाग हवी होती, कबरींच्या जागा विकून पैसा उभा राहणार होता. १८३१ साल. पॅरिसची बागेसारखी दफनभूमी पेर लाशेझ त्यांच्यापुढे होतीच. टेकड्या, खळगे सपाट न करता त्यांच्याच कडेने वळणावळणाचे रस्ते काढले, रस्त्यांना झाडाफुलांची नावं. तेव्हा अमेरिकेत मोठी सार्वजनिक उद्यानं नव्हतीच, लोक रविवारी इथेच यायचे, न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क खूप नंतरचं. लाँगफेलो कवीची कबर इथेच आहे.

रानपाखरू: मे म्हणजे वॉर्बलर पक्ष्यांचा सीझन!! पहाटेपासून दुर्बिणी लावून माणसं उभी असतात, कबरींकडे कोणाचं लक्षही नसतं. बाबांना दुर्बीण द्या आणि सोडा.

शिवडीवाला: आपल्या शिवडीचं ख्रिश्चन कब्रस्तानही बागेच्याच जागेवर आहे बरं का, अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती तिथे, १८६५ ला मुंबईचा तेव्हाचा म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्डने जागा घेतली. व्हीटी बांधणारा स्टीव्हन्स तिथेच पुरलाय. झाडी अजून आहे पण शनिवारी फिरायला म्हणून कोण जातं तिकडे? आपल्याकडे ती सवयच नाही, तेव्हा काकूंचंही चूक नाही.

कोथरूडकर_सध्या_बॉस्टन: बाबा दुर्बिणीवर लगेच तयार झाले 😄 आई म्हणते येईन, पण घरी आल्यावर सगळ्यांनी आधी आंघोळ करायची.