गेटसमोर आणि फुटपाथवर लागणाऱ्या गाड्या: तक्रार कुठे, कशी?

सेक्टरवाला
कोपरखैरण्यात रो-हाऊस आहे. गेट, गेटबाहेर चारेक फुटांचा फुटपाथ, पुढे सहा मीटरचा रस्ता. गेटच्या तोंडावर परक्या गाड्या लागतात आणि फुटपाथवर बाइकची रांग. गेटवर 'नो पार्किंग' रंगवलंय, कुणी जुमानत नाही. या पाटीला कायद्यात काही किंमत आहे का? गाडी उचलायची कुणी, पोलिसांनी की महापालिकेने? आणि गेटपुढे कुंड्या किंवा साखळी लावली तर चालेल का?

चलानवही
पाटीला किंमत नाही, पण तुम्हाला तिची गरजही नाही. अधिकृत नो पार्किंग ठरतं ते वाहतूक शाखेच्या अधिसूचनेने, घरमालकाच्या रंगाने नाही. मात्र प्रवेशद्वार अडवून किंवा फुटपाथवर गाडी लावायची नाही, हे २०१७ च्या केंद्रीय मोटार वाहन ड्रायव्हिंग नियमावलीतच आहे, बोर्ड असो वा नसो. म्हणून तक्रारीत 'आमची पाटी असूनही' हे शब्द टाकूच नका. समोरचा लगेच 'पाटीच बेकायदा' म्हणतो आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. 'प्रवेशद्वार अडवले आहे' आणि 'वाहन पदपथावर उभे आहे', एवढंच लिहा.

दंड मोटार वाहन कायद्याच्या १७७ कलमाखाली: पहिल्या वेळी ५०० रुपये, पुन्हा केल्यास १५००. महाराष्ट्रात हे दर डिसेंबर २०२१ पासून आहेत. टोइंगचा आधार कलम १२७. भारतीय न्याय संहितेचं २८५ पण आहे, रस्त्यात अडथळा केल्याबद्दल ५००० पर्यंत दंड, पण त्यात गुन्हा नोंदवणं आलं. रोजच्या कटकटीला ई-चलानच बरं.

ठाणे_पूर्व
सरळ चाकांची हवा काढा. दोन दिवसांत सवय मोडते.

चलानवही
अजिबात नको. हवा काढणं, वायपर वाकवणं, ओरखडे मारणं यात आगळिकीची तक्रार तुमच्यावरच होते, आणि हल्ली निम्म्या गाड्यांत डॅशकॅम असतो. सोसायटीच्या वॉचमनने रस्त्यावरच्या गाडीला जॅमर लावणंही चालत नाही. तो अधिकार पोलिसांचा.

पदपथ_प्रेमी
कोणाकडे जायचं याचा ढोबळ हिशेब असा: चाकं फिरत असलेली गाडी वाहतूक पोलिसांची, धूळ खात पडलेली बेवारस गाडी महापालिकेची. नवी मुंबईत विभाग कार्यालय, ठाण्यात प्रभाग समिती. खारघरवाल्यांची इथे हमखास गल्लत होते: पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे, पण महापालिका पनवेलची. आणि गाडी सोसायटीच्या कंपाउंडच्या आत असेल तर टोइंग व्हॅन येणार नाही, ते उपविधींप्रमाणे कमिटीनेच सोडवायचं.

तक्रार महाट्रॅफिक ॲपवरून करता येते. फोटोवर सगळं अवलंबून आहे. नुसत्या नंबरप्लेटचा क्लोजअप कामाचा नाही, त्यात गाडी कुठे उभी आहे तेच दिसत नाही. रस्ता ओलांडून पलीकडून तिरका फोटो घ्या, म्हणजे नंबर, गेट आणि फुटपाथची कड एकाच चौकटीत येते. गाडीत माणूस बसलेला असेल तर ते पार्किंग नाही असा वाद होतो, तेव्हा रिकामी सीट दिसली तर उत्तम. गाडी आत अडकली आहे आणि पेशंटला न्यायचंय, अशी वेळ असेल तर ॲप सोडा, सरळ ११२ लावा.

मालकाचा नंबर कुठून मिळेल, असं पुढे कुणीतरी विचारणारच. एमपरिवहन ॲपवर नाव अर्धवट झाकलेलं दिसतं, फोन मिळत नाही. नाद सोडा.

सेक्टरवाला
धन्यवाद. कुंड्यांचं राहिलं. आणि गाडी गेटसमोर नसून रस्त्याच्या पलीकडच्या कडेला असली तरी आमची बाहेर निघत नाही, त्याचं काय?

गटार_ते_गेट
कुंड्या, साखळी, सिमेंट भरलेले डबे, काहीही गेटबाहेर नको. ते सार्वजनिक जागेवरचं अतिक्रमण. तक्रारदार तुम्ही आणि अतिक्रमण विभागाचा टेम्पो तुमच्याच कुंड्या उचलणार. आधी आपला रॅम्प तपासा. गटारावरून रस्त्यात फूट-दीड फूट आलेला पेव्हर ब्लॉकचा उतार कोपरखैरणे, ऐरोली, सगळीकडे दिसतो. तो फुटपाथ तोडून केलेला असला की तुमची बाजू लंगडी. गेट मंजूर नकाशात आहे का, तेही बघून ठेवा. मागाहून भिंत फोडून काढलेल्या दुसऱ्या गेटसाठी भांडताना पहिला प्रश्न तोच येतो.

फुटपाथवर बाइक चढू नये म्हणून विभाग कार्यालयाकडे खांब मागता येतात, पण अपेक्षा बेताच्या ठेवा. व्हीलचेअरसाठी निदान ९० सेंटिमीटर मोकळं सोडावं लागतं, आणि तेवढ्यातून स्कूटर आरामात जाते. गाड्या थांबतात, दुचाक्या नाहीत. कडेचा दगड उंच असणं जास्त उपयोगी, कारण बाइक चढतात त्या गेटच्या उतारावरूनच.

पलीकडच्या कडेची गाडी 'प्रवेशद्वार अडवले' यात सरळ बसत नाही. सहा मीटरपैकी उभ्या गाडीचे आरशांसकट दोन गेले, उरले चार. छोट्या हॅचबॅकलाही वळायला साधारण पाच मीटर त्रिज्या लागते, म्हणून पुढे-मागे करावं लागणारच. गेट आठऐवजी दहा फुटांचं असेल तर बरंच सोपं जातं. कायमचा उपाय म्हणजे एकाच बाजूला पार्किंग किंवा पी-१ पी-२ (सम तारखेला एका बाजूला, विषम तारखेला दुसऱ्या). त्यासाठी वाहतूक उपायुक्तांच्या नावे अर्ज करा. सोबत रस्त्याची रुंदी आणि गेटांच्या जागा दाखवणारा हातकच्चा नकाशा आणि दोन्ही बाजूंच्या रहिवाशांच्या सह्या. एकाच बाजूच्या सह्या असल्या की दुसरी बाजू हरकत घेते, कारण असे बदल आधी प्रायोगिक तत्त्वावर करून हरकती-सूचना मागवल्या जातात.

चलानवही
एक भर. पी-१ पी-२ लागलं म्हणजे आजच्या तारखेच्या बाजूला गेटसमोरही लावता येतं, असं लोक धरून चालतात. तसं नाही. गेटचं तोंड दोन्ही तारखांना मोकळंच हवं. अर्जातच 'गेटसमोरची जागा वगळून' असं लिहून द्या.