प्रति: थरार आणि विज्ञान एकाच पुस्तकात

थरार आणि विज्ञान दोन्ही एकत्र असलेल्या कादंबऱ्या विचारल्या आहेत, म्हणून माझीही भर.

सगळ्यात आधी आयझॅक असिमोवची 'द केव्ह्ज ऑफ स्टील' (१९५४). माणसं पोलादी छताखालच्या शहरांत राहतात आणि उघड्या आकाशाला घाबरतात. खून होतो तो शहराबाहेरच्या वस्तीत. एकटा माणूस मोकळं रान तुडवत तिथे जाणं कुणाच्या कल्पनेतही बसत नाही, आणि रोबोटला त्याच्यात घडवतानाच घातलेल्या नियमामुळे माणूस मारता येत नाही. मग मारलं कुणी? तपासाला बसवलेला पोलीस रोबोटांवर खार खाऊन, आणि जोडीदार म्हणून त्याला दिलाय रोबोटच! यात विज्ञान शोभेपुरतं नाही. ते काढलं तर कोडंच उरत नाही.

मायकेल क्रायटनची 'द अँड्रोमेडा स्ट्रेन' (१९६९) याच जातीची. उपग्रह एका लहान गावाजवळ उतरतो, गाव मरतं. वाचतात एक म्हातारा आणि एक तान्हं बाळ. हे दोघंच का, या प्रश्नावर पुस्तक पळतं. शेवट मला थोडा घाईचा वाटला.

निव्वळ थरार हवा तर फ्रेडरिक फोर्सिथची 'द डे ऑफ द जॅकल' (१९७१). फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्या खुनाचा कट. त्यांचा खून झाला नाही हे आधीच ठाऊक असतं, तरी पुस्तक खाली ठेववत नाही.

'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' या चिनी विज्ञान कादंबरीची शिफारस बरेच जण करतात. चांगलीच आहे, पण पात्रांत जीव गुंतत नाही. सुरुवात तिथून करू नका.