मदत हवी आहे: नवशिकीला स्क्रॅम्बलर, उंच पण हलकी की बुटकी पण जड?

मंडळी, आजवर मी स्कूटरच चालवली. काकाच्या स्प्लेंडरवर क्लच-गिअर हातात बसले, विथ गिअर लायसन्सही आलं, आता स्वतःची बाईक हवी आहे. रोज पुण्यातलं ट्रॅफिक आणि सुट्टीला नसरापूर फाट्यावरून आत, वेल्ह्याच्या बाजूला गावी. शेवटचा पट्टा कच्चा; पावसाळ्यात नुसता राडा. म्हणून स्क्रॅम्बलर, म्हणजे डांबरी रस्त्याबरोबर कच्च्या वाटेवरही चालेल अशी बाईक. उड्याबिड्या मारायच्या नाहीत.

उंची ५ फूट ३ इंच. बजेट ऑन-रोड अडीच लाख, हेल्मेट-जॅकेट त्यातच.

जीव ट्रायम्फ स्क्रॅम्बलर ४०० एक्सवर आहे. पण सीट ८३५ मिमी आणि २०२३ मध्ये आली तेव्हाच किंमत २.६३ लाख एक्स-शोरूम. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के, त्यावर थेट ४०. ही ३९८ सीसीची. विषय संपला.

उरल्या दोन. येझदी स्क्रॅम्बलर ३३४ सीसी, सीट ८००, पण वजन १८० किलोच्या वर. हीरो एक्सपल्स २०० ४व्ही खरं तर अ‍ॅडव्हेंचर बाईक, पण माझं काम भागेल: साधारण १६० किलो, ग्राउंड क्लिअरन्स २२० मिमी, सीट मात्र ८२५. शोरूममध्ये येझदीवर दोन्ही चवडे टेकले, एक्सपल्सवर जरा सरकून एकच पाय. पण उतरून ढकलून पाहिल्या तर एक्सपल्स हातात राहिली, येझदी कलायला लागली तसं धस्स झालं. चिखलात, उतारावर थांबायची वेळ आली की पाय पुरणं महत्त्वाचं की वजन सावरणं? एक्सपल्सच्या सीटचा फोम कापून कुणी उंची कमी केली आहे का? लांबच्या प्रवासात बूड दुखतं का?

दोन्हींचे टायर ट्यूबवाले. गावाकडचा पंक्चरवाला पॅच मारून देईल, पण हायवेवर एकटी असताना मागचं चाक खोलायचं म्हणजे कठीणच. तुम्ही काय करता?

सेकंडहँड रॉयल एनफिल्ड स्क्रॅम ४११ पण बघतेय. सीट ७९५, पण तीही १८५ किलो. कोनसेट (हँडलचे बेअरिंग), फोर्कचे (पुढच्या शॉकअपचे) ऑइल सील आणि चेन-स्प्रॉकेट सोडून आणखी काय तपासू?

माझ्याच उंचीच्या कुणी यातली एखादी वापरत असाल तर आधी तुम्ही लिहा. ‘सरळ बुलेट घे’ सांगणारे घरात पुरेसे आहेत.