नॉब सोडला की पायलट विझतो
प्रश्न: गॅस रेंजखालच्या ओव्हनचा पायलट (बर्नर पेटवणारी छोटी ज्योत) नॉब दाबून धरला की पेटतो, सोडला की विझतो. व्हॉल्व्ह बदलायचा का?

उत्तर १: आधी थर्मोकपल बघा (ज्योतीच्या उष्णतेवर गॅस चालू ठेवणारी दांडी). पेटल्यावर नॉब 30 ते 60 सेकंद दाबून धरा. तरी विझला तर गॅस बंद करा, गार होऊ द्या आणि तिच्या टोकावरची काजळी बारीक स्टील वूलने काढा. टोकाचा वरचा साधारण 1 सेंमी भाग ज्योतीत हवा. थर्मोकपलचा नट हाताने बसवून जेमतेम पाव फेरा आवळा.

उत्तर २: ज्योत कशी आहे? पिवळी, लुळी असेल तर पायलटचं छिद्र तुंबलंय. तार मात्र घालू नका, छिद्र मोठं होतं, हवेनेच फुंका.

प्रश्नकर्ता: पिवळीच आहे.

उत्तर २: मग छिद्रच साफ करा, व्हॉल्व्ह राहू द्या. जोडल्यावर साबणाच्या पाण्याने गळती तपासाच.