केळीवर केळी थांबवायची आहे, मधे बेवड (फेरपालटीचं पीक) कशाचा ठेवावा? (ता. यावल)

राम राम मंडळी,

सातपुड्याच्या पायथ्याशी ६ एकर आहे. मृगबाग (जून-जुलैची लागवड), टिश्यूकल्चर रोपांची ग्रँड नैन जात, ५ बाय ५ फुटांवर, सगळी ठिबकवर. नवती (नवी लागवड) निघाली की पिल बाग (त्याच कंदांच्या फुटव्यांवरची), ती निघाली की परत केळीच. रास (घडाचं सरासरी वजन) चांगली पडते, तक्रार तिची नाही.

तीच रास टिकवायला दरवर्षी खत वाढतंय आणि बोअरमध्ये पाइप वाढवावे लागतायत. वडिलांच्या काळात विहिरीवर भागायचं, आता उन्हाळ्यात तिच्यात नुसता गाळ. ठिबकने पाणी वाचलं हे खरंच, पण वाचलेल्या पाण्यावर आम्ही सगळ्यांनी केळीच वाढवली! पुतण्या धुळ्याला कृषी महाविद्यालयात आहे. तो म्हणतो, काका, उत्पादन वाढलं म्हणजे उत्पादकता वाढली असं नाही. पाणी, खत, वीज, मजुरी तेवढीच ठेवून जास्त पिकलं तर ती खरी वाढ. पंजाबात गहू-भाताने कोठारं भरली आणि पाणी खाली गेलं, आपलंही तेच चाललंय म्हणे. झोंबलं, पण खोटं कसं म्हणू?

तर जूनमध्ये नवती निघाली की २ एकरांत पिल ठेवायची नाही. धैंचा (हिरवळीचं खत) गाडायचा, मग हरभरा, पुढच्या मृगात परत केळी. खोडं-पानं रोटाव्हेटरने जागेवरच मुरवली तर चालेल का? बागेत थोडा सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक, माव्यातून पसरणारा विषाणू रोग) होता. आणि हरभऱ्यावर पीककर्जाचं निभेल का? कृपया औषधांची नावं सुचवू नका, ती दुकानदार सांगतोच.

रावेरकर: भाऊ, रोगट झाडं आधी उपटून नष्ट करा, बाकीचं खुशाल मुरवा. खोडात पोटॅश भरलेला असतो, आणि विकतचा पोटॅश जवळजवळ सगळा परदेशातून येतो. तरी आपल्याकडे खोडं बांधावर फेकतात, काय म्हणावं! धैंचा फुलावर येताना, साधारण ४५ दिवसांत गाडा. निबर झाला की काडी लवकर कुजत नाही. मधे काकडी, भोपळा, चवळी नको, मावा तिथूनच व्हायरस उचलतो. कर्जाचं म्हणाल तर हरभरा केळीची बरोबरी करणार नाही. पण एक-दोन पाण्यांत निघतो, तेवढं पाणी उरलेल्या ४ एकरांना मिळेल. सगळं रान एकदम मोकळं करत नाही आहात, ते बरंय.

धागाकर्ता: आभारी आहे दादा. कंद जमिनीत राहिले तर हरभऱ्यात पिलं डोकं काढतील ना? कंद खणून काढायला मजुरी फार जाते. कोणी नुसत्या नांगरटीवर भागवलंय का?